जांभळाच्या झाडाखाली अक्का

तांब्याच्या घागरीच्या तोंडावर चौपदरी पांढरं कापड बांधलेलं आहे आणि त्यातून पाणी थेंबाथेंबाने आत उतरतं आहे, हा ध्वनी म्हणजे माझ्यासाठी त्रिशलाक्का, माझी थोरली बहीण. कोल्हापुरातल्या तिच्या घराच्या परसात अजून आड आहे. नळाला पाणी असलं तरी पिण्याचं पाणी ती आडातूनच शेंदते, गाळते, आणि गाळून झालं की कापड आडावर उलटं धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडते, म्हणजे कापडावर राहिलेले न दिसणारे जीव पुन्हा आपल्या आडात जातात. हे जैनांच्या घरोघरी चालत आलेलं आहे. पण ते कापड निथळेपर्यंत इतक्या शांतपणे उभी राहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पिळायचं नाही, पिळलं की जीव मरतात, म्हणून हात रिकामे ठेवून थांबायचं. मी गणिताची शिक्षिका, स्वभावाने उतावळी. मला ते नुसतं बघवतसुद्धा नाही.

ज्या गावात ‘जेवलास का’ हेदेखील भांडण काढल्यासारखं विचारतात, त्या गावात अक्काचा आवाज इतका मंद की भाजीवाली तिला दोनदा ‘काय म्हंतासा?’ म्हणून विचारते. मार्गशीर्षातल्या सकाळी पंचगंगेवरून धुकं वर येतं, लांबच्या गुऱ्हाळांचा गोडसर धूर त्यात मिसळतो, आणि त्या धूसर उजेडात परसात उभी असलेली अक्का मला नेहमी त्या ऋतूचाच एक भाग वाटत आली. दिवस मावळायच्या आत जेवणारी, उन्हाच्या तिरिपेवरून वेळ ओळखणारी, घड्याळाशी फारसं देणंघेणं नसलेली. तिला काही होईल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

यंदाच्या मार्गशीर्षात मात्र तिच्या हाताला एक नवी सवय लागलेली मला दिसली. बोलता बोलता उजवा हात पदराखाली डाव्या बाजूला जायचा, क्षणभर थांबायचा आणि चोरी पकडल्यासारखा परत यायचा. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, “बारीक हाय गं. हरभऱ्याएवढी.” तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला, आणि आठ दिवसांनी आम्ही दोघी आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, डॉक्टरबाईंसमोर बसलो. स्तनाचा कर्करोग होता. अगदी लवकर सापडला होता, आणि पुढे दोन वाटा होत्या: नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा व नंतर काही आठवडे किरणोपचार घ्यायचे, किंवा संपूर्ण स्तन काढायचा.

बाईंचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. माझी मंद आवाजाची बहीण खुर्चीच्या कडेला सरकून एकदम मोठ्यानं म्हणाली, “मुळासकट काढा, मॅडम. काय म्हणून ठेवू नका.”

मला सुटल्यासारखं झालं. मी म्हणाले, “बरोबर आहे.” दाजी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आठवडाभर विचार करून या, तेवढ्याने काही बिघडत नाही, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. मला त्यांचा रागच आला. आजार घरात शिरलेला असताना विचार कसला करायचा?

त्या आठवड्यात मला जी भीती वाटली ती आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. फळ्यावर समीकरण लिहिताना माझा खडू थांबायचा. अक्काकडे बघताना मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता पदराकडेच बघते आहे, हे लक्षात आलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गारगोटी गावच्या मावसबहिणीने फोनवर ‘एकदाच काय ते उरकून टाका’ म्हटलं आणि मी ते वाक्य दिवसातून दहा वेळा अक्काला ऐकवत राहिले, जणू त्या बहिणीने वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं. दाजी आडाच्या रहाटाला तेल घालत बसायचे. एका दिवसात तीनदा घातलं. आणि अक्काने आरशासमोर केस विंचरणं सोडलं होतं. ती आता खिडकीकडे तोंड करून, चाचपडत भांग पाडायची, आणि तो रोज थोडा वाकडा पडायचा.

रविवारी ती नेहमीसारखी बस्तीत गेली. जैन मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात, आणि तिथे गेली पंधरा वर्षं ती मुलांची पाठशाळा घेते. तिला एकटं सोडायचा मला धीर नव्हता, म्हणून मीही जाऊन मागे बसले. तिथल्या भिंतीवर एक चित्र आहे. जांभळाने लगडलेलं झाड आणि त्याखाली सहा भुकेली माणसं. पहिला, काळ्या रंगाचा, झाड मुळापासून तोडायला निघाला आहे. दुसरा खोड तोडतो, तिसरा फांदी, चौथा डहाळी. पाचवा फक्त फळं तोडतो. आणि सहावा, पांढरा, खाली पडलेली जांभळं वेचतो. भूक सगळ्यांची एकच, मनं मात्र सहा. कुरुंदवाडला आमच्या माहेरच्या बस्तीतही हेच चित्र होतं, आणि लहानपणी अक्का मला त्या काळ्या माणसाची भीती घालायची.

शिकवून झालं, मुलं चपला शोधत पांगली, आणि अक्का चित्रासमोरच उभी राहिली. उंच झरोक्यातून आलेलं ऊन भिंतीवर त्या कुऱ्हाडवाल्याच्या पायापाशी पडलं होतं. मी जवळ गेले तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, “पंधरा वर्सं पोरांना इचारतीया, ह्यातला तू कोण? आणि माझी पाळी आली तवा मी काय म्हणाले गं, शैले? मुळासकट काढा.”

माझं टाळकंच फिरलं. “चित्र बघून ऑपरेशन ठरवतात व्हय? हे झाड नव्हं अक्का, तू हाईस! तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू?” माझा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला असावा, कारण आतली आरतीची घंटा मध्येच थांबली. अक्काने माझा हात धरून मला पायरीवर बसवलं.

“चित्र बघून न्हाई ठरवायचं. इचारून ठरवायचं. पर त्या दिवशी मी कुठं काय इचारलं? भ्यालं की माणूस कुऱ्हाडच मागतंय.”

दुसऱ्या भेटीत तिने विचारलं. एका जुन्या वहीच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते, पाठशाळेच्या अक्षरात. थोडंच काढलं तर मी लवकर मरेन का? डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत, किरणोपचार पूर्ण घेतलेत तर, जगण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच. पुन्हा उद्भवेल का? थोडी शक्यता राहते, म्हणून दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. आणि काढलेल्या भागाची कड स्वच्छ निघाली नाही, म्हणजे तिथे रोगाच्या पेशी सापडल्या, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. सगळं काढणाऱ्या बायकाही असतात, त्यांचंही चुकत नाही, असंही त्या म्हणाल्या. मी मध्ये तोंड घालणार, तोच अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात थंडगार होता. ती शांत नव्हतीच मुळी. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती.

“भ्या दोन्हीकडं हायच की, मॅडम,” ती म्हणाली. “मग जिकडं कमी कापायचं, तिकडं जाऊ.”

दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसण्याच्या निमित्ताने बराच वेळ तोंडावर धरला.

ऑपरेशन झालं. कडेचा अहवाल यायला वेळ होता, अक्का दवाखान्यात होती, दाजी तिच्यापाशी. घर माझ्यावर सोपवलेलं. पहिल्या सकाळी मी परसात गेले. आडातून पाणी शेंदलं, घागरीवर कापड बांधलं, पाणी ओतलं. धुकं होतं, गुऱ्हाळाचा धूर होता, सगळं रोजच्या जागी होतं, फक्त ती नव्हती. ती असताना कधी न जाणवलेली एक गोष्ट मला तेव्हा कळली, की ते परस तिच्या उभं राहण्याने भरलेलं असे. थेंब पडत होते. अहवाल काय येईल, हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. कापड जड होऊन मध्ये लोंबलं, आणि माझे दोन्ही हात आपसूक त्याच्याकडे गेले, घट्ट पिळून एकदाचं संपवून टाकायला. बोटं कापडाला लागली आणि मला बस्तीतला तो काळा माणूस आठवला. मी हात मागे घेतले आणि पदरात गुंडाळून उभी राहिले.

कड स्वच्छ निघाली. अक्का आता किरणोपचाराला जाते, रोज दुपारी, दाजींच्या स्कूटरवर मागे बसून, आणि पहिल्या वार्षिक तपासणीच्या महिन्याचं पान तिने आत्ताच कॅलेंडरात दुमडून ठेवलं आहे. भांग पुन्हा सरळ पडतो. पाणी तीच गाळते. पण कधीकधी मी मुद्दाम सकाळी तिच्या परसात जाऊन उभी राहते आणि ती समोर असतानाच त्या एका सकाळचं रिकामं परस मला दिसतं. ती भीती जायची नाही, हे मी आता मान्य केलं आहे. आपलं माणूस एकदा असं जाता जाता राहिलं की पुढे त्याचं असणंही थोडंसं आठवणीसारखंच दिसू लागतं. आणि काळ त्या कापडातून उतरणाऱ्या पाण्यासारखा, त्याच्याच गतीने थेंबथेंब उतरत असतो, आपण फक्त हात आवरून शेजारी उभं राहायचं असतं.