सातव्या प्रकरणातली परात

"आते बठ्ठा गाव परत वाची," लसूण सोलता सोलता अक्का पुटपुटली. माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. सगळं गाव आता पुन्हा वाचणार म्हणे.

अक्का म्हणजे भिकुबाई, माझी मोठी जाऊ. माझी कादंबरी धुळ्याच्या पुखराजशेठनी एकदा छापली. प्रती संपल्यावर बावीस वर्षं ना पुन्हा छापली, ना सोडली. ते वारल्यावर त्यांच्या मुलानं, श्रेयांसनं, हक्क परत दिल्याचं पत्र माझ्या हातात ठेवलं. त्या दिवशी धुळ्याहून जळगावपर्यंत एसटीत मी पर्स मांडीवरून हलवली नाही. आता इथंच छापतेय. प्रुफं पाचच्या आत द्यायची होती आणि प्रेसवाल्या लोटनचे दोन फोन येऊन गेले होते.

नणंद रत्ना मोठ्यानं वाचत होती, मी जुन्या प्रतीवर बोट फिरवत होते. एकीनं वाचायचं, दुसरीनं ताडायचं. बसवेना म्हणून मी उभीच.

"स्वल्पविराम," रत्ना म्हणाली.

"अगं, स्वल्पविराम कशाला वाचतेस? दिवाळी येईल."

"बिनचूक पाहिजे ना? मग ऐका."

सातवं प्रकरण आलं. "हे राहू दे, मी बघेन," मी म्हटलं.

"का? हेच तर सगळ्यांनी वाखाणलं होतं." आणि ती वाचू लागली. "'कानबाई देवीचे रोट भाऊबंदांतच खायचे, दिल्या घरच्या लेकीला नाहीत. नवऱ्याला सोडून आलेली नणंद पंगतीत बसली होती. मोठ्या जावेनं परात तिच्यापुढून तशीच पुढं नेली.'"

अक्काचं लसूण सोलणं थांबलं.

पुस्तक आलं तेव्हा गावातल्या बायका अक्काला पाठीमागं परातवाली म्हणायच्या. ती एकदाही उलटून बोलली नाही. कादंबरी आहे, खरं थोडंच असतं त्यात, असं मी ज्याला त्याला सांगत राहिले.

"बरोबर आहे?" रत्नानं विचारलं.

"जुन्या प्रतीबरहुकूम."

"प्रतीचं नाही विचारलं मी."

फोन पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही.

"जाऊ दे ना माय, मी चहा ठेवस," म्हणत अक्का घाईघाईनं उठली. मांडीवरची सालं फरशीभर झाली.

रत्नानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. कागद माझ्यापुढं सरकवला.

"वहिनी, त्या दिवशी अक्का चुलीपाशी होती. परात तुमच्या हातात होती."