माझा हरवलेला पहिला इंच

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. माझी लांबी साठ इंच होती. आता एकोणसाठ आहे. तो एक इंच कसा गेला आणि त्यापायी एका मुलीच्या हातून काय निसटत होते, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ते तुमसरच्या बाजारातले एक छोटे दुकान. तिथे मी बटणे आणि बॉबिनच्या शेजारी गुंडाळून पडले होते. बारा वर्षांपूर्वी रुखमिणीने मला तिथून घेतले. ती चिखल्याच्या खाण कॉलनीत राहते. तिचा नवरा टेकचंद मँगनीजच्या खाणीत पिंजऱ्यासारख्या लिफ्टने उतरून जमिनीखाली काम करतो. रुखमिणी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कपडे शिवते. कॉलनीतल्या निम्म्या मुलांच्या शाळेच्या कपड्यांचे माप मीच घेतले आहे. त्यांची मुलगी गुड्डी जन्मली, तेव्हा तिचे पहिले झबले माझ्याच आकड्यांवर बेतले गेले. रुखमिणीने शिवलेला कपडा पुन्हा उसवावा लागत नाही, असे बायका म्हणत, आणि मी मशीनच्या खिळ्यावर लटकून ते ऐकत असे.

एका दिवाळीच्या गर्दीत माझे टोक मशीनच्या चाकात अडकले. पितळी टोपी तुटली आणि धागे निघाले. रुखमिणीने कात्री घेतली आणि एक इंचाच्या रेषेवर मला सरळ कापले. तेव्हापासून माझी सुरुवात शून्यापासून होत नाही. पुढच्या बाजूने मी एक इंच जास्त सांगते, मागच्या बाजूने अडीच सेंटिमीटर.

रुखमिणीला याची अडचण कधी आली नाही. छाती चौतीस दिसली की ती तोंडाने तेहतीस म्हणे. वजाबाकी तिच्या जिभेवरच होत असे. नवी टेप घेणे काही कठीण नव्हते, पण तिच्या हाताला माझी सवय होती.

टेकचंदला ही सवय नव्हती. एकदा त्याने भिंतीतल्या कोनाड्याचे माप मला लावून घेतले आणि सुताराकडून सदतीस इंचांची फळी कापून आणली. कोनाडा छत्तीसचा होता. फळी बसेना. कॉलनीतली माणसे आठवडाभर त्याला हसली. त्या दिवसापासून तो माझ्याकडे संशयाने पाही आणि गुड्डीला बजावून सांगे, "ही टेप फुटकी आहे. हिचा आकडा आला का इंचात एक, सेंटिमीटरात अडीच कापाचाच."

गुड्डी दहा वर्षांची आहे. ती शांत आहे आणि सांगितलेले विसरत नाही. तिला एकच भीती होती, आणि ती रोज दुपारी दोन वाजता येत असे.

पहिली पाळी दोनला सुटते. भोंगा होतो. खाणीपासून घर दहा मिनिटांवर आहे. पण टेकचंद वर आला की टपरीवर चहाला बसे, मित्रांशी बोले आणि साडेतीनला घरी येई. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की गुड्डी दुपारी घरीच असे. भोंगा झाला की ती उंबरठ्यावर बसे. ताट वाढलेले असे, पण ती जेवत नसे. बापाचा काळा झालेला शर्ट वळणावर दिसेपर्यंत ती ओढणीचे टोक पिळत राही.

"काय भेतेस वं?" टेकचंद हसून म्हणे. "वाघ तं वरतच आहेत, जंगलात. खाली काहीच नाही."

"पिंजरा खाली जाते तवा कसं वाटते?"

"सुटला का पोट वरतच रायते. मंग मागून येते."

गुड्डीने ठरवले की ते आपल्याला एकदा कळले पाहिजे. बाबांच्या शेजारी बसून एकदा तसे खाली आलो, तर भीती जाईल. हे तिने कोणाला सांगितले नाही. मशीनखाली बसून ती स्वतःशी बोलली, म्हणून मला कळले.

अशात कॉलनीच्या मंडळाने सहल काढली. नागपूर रोडवर एक मोठे खेळांचे पार्क आहे. ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते. मंडळाच्या आनंदरावांनी घरोघर पत्रके वाटली. पत्रकावर पार्कचा नकाशा होता आणि एका कोपऱ्यात उंच टॉवर होता. बारा खुर्च्या वर जातात आणि एकदम खाली सुटतात. गुड्डी त्या चित्राकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

मग तिने आईचा बेतायचा खाकी कागद घेतला आणि दिवस आखला. अकरा ते चार म्हणजे तीनशे मिनिटे. जेवणाची चाळीस गेली. फाटकाजवळच्या खेळांवर आधी सगळे तुटून पडतील. म्हणून आपण उलट्या टोकाने सुरुवात करायची. एक नंबरला तिने टॉवर लिहिला आणि पुढे 'बाबा आणि मी' असे लिहिले. नावेचा झोपाळा, चक्री, पाण्याची घसरगुंडी, सगळे त्यानंतर.

पत्रकाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. टॉवरसाठी उंची एकशे तीस सेंटिमीटर हवी. ती ओळ फक्त गुड्डीने वाचली.

रविवारी ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आई, मागच्या बाजूनं माप." रुखमिणीने माझे कापलेले टोक तिच्या टाचेशी धरले आणि डोक्यावर पट्टी ठेवली. माझ्यावर एकशे साडेतेहतीस दिसत होते. रुखमिणीने मनात अडीच वजा केले आणि सवयीने खरा आकडा सांगितला.

"एकशे एकतीस."

गुड्डीने तो वहीत लिहिला. मग तिला बाबांचे बोलणे आठवले. तिने खाली लिहिले: वजा अडीच. उत्तर आले एकशे साडेअठ्ठावीस.

मित्रांनो, मी किंचाळले असते. मला तोंड असते तर मी म्हणाले असते, अगं, वजाबाकी झाली आहे, दुसऱ्यांदा करू नकोस! पण माझ्यावर फक्त रेषा आहेत. रुखमिणी मशीनकडे वळली होती. तिला एकशे तीसची अट ठाऊकच नव्हती. गुड्डीने वही मिटली.

चार रविवार हेच झाले. मधल्या दिवसांत गुड्डी दाराच्या दांडीला लोंबकळे, दूध नाक दाबून पिई आणि ताठ चाले. दर रविवारी रुखमिणी म्हणे, "एकशे एकतीस," आणि दर रविवारी वहीत एकशे साडेअठ्ठावीस उतरे. चार वेळा तेच उत्तर आले, म्हणून तिला ते पक्के वाटले. चूकही दर वेळी तीच होत होती, हे तिला कोण सांगणार? चौथ्या रविवारी तिने खाकी कागदावरचा एक नंबर खोडला. इतका खोडला की कागद फाटला. टॉवर गेला, तसे त्या कोपऱ्याकडे आधी जायचे कारणही उरले नाही. तिने नवा क्रम फाटकापासून लावला.

"काहून वं, टावर नाही?" टेकचंदने विचारले.

"मले नाई पायजे."

"भेली!" तो हसला. "माई पोरगी भेली!"

तिने मान खाली घातली. दीड सेंटिमीटरने आपण कमी पडतो, हे सांगण्यापेक्षा भित्री म्हणवून घेणे तिला सोपे वाटले.

सहलीच्या दिवशी रुखमिणी घाईत निघाली आणि मी तिच्या गळ्यातच राहिले. बसमध्ये एक बाई म्हणाली, "अवं रुखमिणी, पारकात कोनाचं माप घेतेस? सिंहाचं का?" सगळी बस हसली. पण तिच्या गळ्यात होते, म्हणूनच मला पुढचे सर्व पाहायला मिळाले.

आनंदरावांनी फाटकाशीच शिट्टी फुंकली. "ऐका हो! चारले बस सुटते. रातपाळीची बारा मानसं आहेत. मांगून रडाचं नाही."

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी दूरवर टॉवर पाहिला. तो वर जात होता, आणि त्याच्या बारापैकी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गुड्डीनेही पाहिले. मग तिने तोंड फिरवले आणि बाबांचा हात धरून नावेच्या रांगेत उभी राहिली. पुढचे चार तास ती कागदाप्रमाणे चालली. हसण्याच्या जागी हसली. पण दर थोड्या वेळाने त्या कोपऱ्यातून लोकांची एक किंकाळी येई, आणि ती पाऊल टाकता टाकता थांबे.

तीन वाजता कागदावरचे सगळे खेळ संपले. सावली फक्त टॉवरजवळ होती, म्हणून आम्ही तिथे बसलो. रुखमिणीने लेकीचा चेहरा पाहिला.

"जीव तं तिकडंच लागला आहे तुया. मंग काहून नाही जात?"

"एकशे तीस पायजे." गुड्डी म्हणाली. "मी एकशे साडेअठ्ठावीसच आहो."

"कोन म्हनलं? मी तं एकशे एकतीस सांगतलं."

"त्यातून अडीच कापले न. टेप फुटकी आहे."

रुखमिणीचा हात माझ्यावर आला. "अवं पोट्टे, माया तोंडातून आकडा कापूनच निघते!"

टेकचंद हळूच म्हणाला, "मीच म्हनलं होतं तिले. अडीच काप म्हनून."

टॉवरच्या फाटकाशी एक पाटी होती, तिच्यावर लाल रेष होती. गुड्डी तिच्यापुढे उभी राहिली. डोके रेषेच्या वर गेले, बोटभर. राखणदाराने मान हलवली. "चालते. लागा लाइनीत."

घड्याळात तीन वाजून चौदा मिनिटे झाली होती. रांग वळत वळत झाडापर्यंत गेली होती. गुड्डीने माणसे मोजली. चौऱ्याऐंशी. एका फेरीत बारा, एका फेरीला सहा मिनिटे. सात फेऱ्या, बेचाळीस मिनिटे. आपली पाळी तीन छप्पनला. बस दहा मिनिटांच्या चालीवर. तिने हिशेब पुन्हा केला. या वेळी एकही चूक नव्हती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तरी ते उभे राहिले. टेकचंद पुढच्या माणसांना विनवू लागला. "भाऊ, जरा जाऊ द्या न. बस सुटते आमची." एक जण म्हणाला, "आमचीबी सुटते, भाऊ." त्यात खोटे काही नव्हते. रांग सरकत होती, पण घड्याळ तिच्याहून वेगाने सरकत होते. टेकचंद दर मिनिटाला मनगट पाही. भुयारात पंधरा वर्षे काम केलेला तो माणूस. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

तीन चाळीसला राखणदार ओरडला, "एकटं कोनी आहे का? एक जागा खाली आहे!"

गुड्डीने बाबांकडे पाहिले. टेकचंद म्हणाला, "नाही. दोघं जाऊ म्हनूनच उभे आहोत न आपन? एकटी नाही जाचं. उरफाटं काही झालं तं?"

"आता दोघांचं होत नाई, बाबा."

"तं राहू दे."

"रोज मीच काहून वाट पाहाची?" गुड्डी म्हणाली. ती रडत होती आणि फाटकाकडे सरकतही होती. "आज तुमी पाहा."

आणि ती गेली. कडी खटकन लागली.

टेकचंदला हातांचे काय करावे कळेना. त्याने रुखमिणीच्या गळ्यातून मला ओढले आणि मुठीला गुंडाळले. एक वेढा, दुसरा, तिसरा. खुर्च्या वर चढू लागल्या. त्याची मूठ इतकी आवळली की माझे धागे ताणले गेले. त्याच्या बोटांचा घाम माझ्यात मुरत होता.

"किती वरतं नेऊन राहिले? सोडत काहून नाही?"

"अजी, आत्ताच तं बसली."

खुर्च्या टोकाला थांबल्या. आता कोणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. टेकचंदने डोळे मिटले. मग ती किंकाळी आली, दिवसभर आम्ही ऐकलेली. पण आता तिच्यात एक आवाज आमचा होता. तो जागच्या जागी वाकला, जणू पोटात कोणी मारले.

गुड्डी बाहेर आली. "बाबा, पोट खरंच वरतच रायलं."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याच हातात होते.

"भेव गेलं का?" त्याने विचारले.

"नाई," गुड्डी म्हणाली. "पन आता कसं असते ते मालूम आहे."

"मलेबी," टेकचंद म्हणाला.

आम्ही धावत बस गाठली. चारला तीन मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खिळ्यावर होते. दोनला भोंगा झाला. गुड्डी उंबरठ्यावर बसली आणि ओढणीचे टोक हातात घेतले. तिने ते अजून नीट पिळलेही नव्हते, तोच वळणावर काळा शर्ट दिसला. टेकचंद भराभर चालत होता. टपरीवरून कोणी तरी हाक मारली, "अबे टेकचंद, चहा!" त्याने मान न वळवता हात हलवला. घड्याळात दोन बारा झाले होते. ताटातला भात गरम होता. ते दोघे जेवायला बसले.

मित्रांनो, तो दोन बाराचा नेम अजून चालू आहे. मात्र कागदावरची 'बाबा आणि मी' अशी फेरी झाली नाही ती नाहीच. तो हिशेब माझ्या माथी आहे. गुड्डीने सहलीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी माझ्या कापलेल्या टोकाशी पक्क्या शाईने लिहिले: 'एक इंच कमी. मापणाऱ्याने कापू नये, लिहिणाऱ्याने कापावा.' रुखमिणीला ही नवी रीत जड जाते. चौतीस दिसले की तेहतीस तोंडावर येते. मग ती जीभ चावते आणि चौतीस म्हणते.

तुमच्या घरातही माझ्यासारखे काही तरी असेल. पुढे चालणारे घड्याळ, झिजलेले वजन, तुटक्या टोकाची पट्टी. घरातल्या मोठ्यांना त्याचा दोष पाठ असतो, म्हणून ते निभावून नेतात. पण पाठ असलेली गोष्ट दुसऱ्याला दिसत नाही. आम्हाला फेकू नका, आम्ही अजून कामाची आहोत. फक्त आमची खोड आमच्या अंगावर लिहून ठेवा. आणि जमले तर आजच लिहा. कोणी तरी भिंतीला टेकून, टाच जमिनीला घट्ट लावून उभे असेल, आणि आम्हाला बोलता येत नाही.