वाट्या कुणी हलवल्या?

आमच्या माया लोकांच्या जुन्या देवळांच्या जवळपास, पण देवळांचा मान राखून लग्नाचे फोटो काढायचे असतील तर लेइदी पेचला विचारा, असं आमच्या किनाऱ्यावर कुणीही सांगेल. ती लेइदी मीच. नवरीला मी पडक्या दगडांवर बसू देत नाही, तिची जाळीची ओढणी भिंतीला लागू देत नाही. एका नवरदेवाला पायऱ्या चढायची हौस आली, तेव्हा म्हटलं होतं, "आधी स्वतःच्या आजोबांच्या थडग्यावर चढून ये, मग इथे चढ." बिचारा मुकाट्यानं उतरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आज सकाळी मोंतेर्रे शहरातून आलेल्या रेनाता आणि इवान या जोडप्याला घेऊन मी गावामागच्या पुळणीवर गेले. मोठं देऊळ तिथून दूर कड्यावर दिसतं, म्हणजे फोटोत येतं आणि त्याला कुणाचा पाय लागत नाही. पुळणीच्या टोकाला कमरेएवढं एक ठेंगणं देऊळ आहे, तेवढं टाळलं की झालं.

पण त्या देवळापुढे वाळूत भोपळ्याच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, सका भरलेल्या. आज शेवंडाच्या हंगामाचा पहिला दिवस. या दिवशी माझे तिबुर्सियो मामा सका, म्हणजे मक्याचं पांढरं पेय, समुद्राच्या अदृश्य धन्यांपुढे ठेवतात. धन्यांचं पिऊन होईपर्यंत वाट्यांना हात लावायचा नाही, आणि तोवर एकही होडी पाण्यात ढकलायची नाही. मामा धूप आणायला घरी गेले असणार. हे मला कुणी शिकवायला नको, लहानपणी ते पीठ मीच ढवळलंय.

तरी मी वाट्या उचलल्या. कोवळं ऊन नेमकं नवरीच्या तोंडावर येत होतं आणि मेल्या वाट्या बरोबर फोटोच्या मध्ये येत होत्या. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, परत ठेवू, धनी काय कॅमेऱ्यात बघायला येतायत?

रेनाता मागून म्हणाली, "ताई, या कुणीतरी मुद्दाम ठेवल्यात ना? विचारायचं का कुणाला?"

"अगं, आमच्याच घरच्या आहेत. तू ओढणी सांभाळ."

नारळाखाली ठेवताना एक वाटी कलंडली. मी सांडलेल्यावर पायानं वाळू लोटली, मांजर लोटतं तशी.

एवढ्यात मामा आले. मागे कोळी होते, पुढे त्यांचा म्होरक्या, होडीवाला गास्पार. मोकळी वाळू बघून सगळे थांबले.

"वाट्या कुणी हलवल्या?" गास्पारनं विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवरीकडे, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे. एरवी माझी जीभ कातरीसारखी चालते. आज मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

"मीच हलवल्या," मामा म्हणाले. "ऊन लागत होतं त्यांना."

"मामा, नीट आठवा. तुम्ही?" गास्पार बोलत होता मामांशी, बघत होता माझ्याकडे.

"मीच म्हटलं ना! म्हातारा झालो बाबा."

गास्पारची नजर वाळूवरून फिरली आणि पुन्हा माझ्यावर येऊन थांबली. मग गास्पार म्हणाला, "ठीक आहे. यापुढे सका दुसरं कुणीतरी ठेवेल. आज होड्या जायच्या नाहीत." मामांनी धुपाचं भांडं त्याच्या हातात दिलं.

सगळं बोलणं आमच्या माया भाषेत. रेनातानं हळूच विचारलं, "काय म्हणतायत हो?"

"तुम्हाला आशीर्वाद देतायत."

पोरगी इतकी हरखली! म्हणाली, "मग या आजोबांबरोबर एक फोटो हवाच." मामा आले. सदरा झटकला आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. मला म्हणावं लागलं, "मामा, इकडे बघा." ते बघून हसले. माझं काम बिघडू नये म्हणून हसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कॅमेरा इवानच्या हातात कोंबला आणि मी गास्पारमागे धावले.

"गास्पार, वाट्या मी हलवल्या! मामांचा काही दोष नाही."

"माहीत आहे," तो होडीचा दोर बांधत म्हणाला. "म्हातारा अनवाणी येतो. तुझ्या बुटांचे ठसे दिसत नाहीत होय आम्हाला?"

"मग त्यांना कशाला बाजूला केलंत?"

"धन्यांसमोर उभे राहून खोटं बोलले ते. खोटं बोलणाऱ्याच्या हातचं धनी पीत नाहीत, हे मामांनीच शिकवलंय आम्हाला. दोनदा विचारलं मी, लेइदी. तू बोलशील म्हणून सगळे थांबले होते. बोलली असतीस तर आजचा दिवस बुडला असता, एवढंच."

मी परतले तेव्हा मामा एकटेच त्या वाट्या गोळा करत होते. रिकाम्या केलेल्या वाट्या एकीत एक घालता घालता त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कुणाला कळलं नाही ना गं?"

"नाही मामा," मी म्हणाले. "कुणालाच नाही."