रोज एक झारी पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. कडेला चेपलेली, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. माझं सारं आयुष्य एका काचघरात गेलं. तिथे तीन दालनं होती. पहिल्यात दमट जंगल, दुसऱ्यात गार डोंगरउतार आणि तिसऱ्यात वाळवंट. दोन दारं ओलांडली की माणसाच्या अंगाला तीन मुलखांची हवा लागे.

माळीकाकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ बाई, वाळवंटात तुझं काम महिन्यातून एकदाच. तेही तांब्याभर." तिथे त्यांनी बी रुजवून वाढवलेलं निवडुंग होतं, बत्तीस वर्षांचं. यंदा त्याला पहिली कळी धरली, आणि नेमके काका आजारी पडून दवाखान्यात गेले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिकीट खिडकीवर बसत. झाडांतलं त्यांना काही कळत नसे. त्यांनी मनोमन नेम धरला. काका घरी येईपर्यंत त्यांच्या लाडक्या झाडाला रोज झारीभर पाणी घालायचं, आणि ते घातल्याशिवाय आपण पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. बाकीच्या दालनांत छतातल्या नळ्या आपोआप पाणी शिंपडत. वाळवंटात नळी नव्हती.

"तुलाच कसे रे विसरले सगळे?" काकू कळवळून म्हणत. "पी बाबा. हे आले की फुलून दाखव."

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण झारीला वाकवलं की पाणी पडतंच.

एकविसाव्या दिवशी कळी गळाली. काकूंनी घाबरून त्या दिवशी दोन झाऱ्या घातल्या.

दुसऱ्या सकाळी काका काठी टेकत आले. त्यांनी बुंध्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"अहो, एक दिवस खाडा केला नाही," मला भरलेलीच हातात धरून काकू रडू लागल्या. "याच्याआधी मी घोट घेतला नाही. तरी असं कसं झालं?"

काकांनी ओली वाळू पाहिली. मग काकूंचे सुकलेले ओठ पाहिले.

"अगं, वय झालं होतं त्याचं," ते हळूच म्हणाले. "तू होतीस म्हणून एवढं तरी तगलं. आता तू पाणी पी बघू."

मग त्यांनी मला काकूंच्या हातून घेतलं, रिकामं केलं आणि खिळ्याला अडकवलं. ते पुन्हा काही मला उतरवायला आले नाहीत. आता काकाही नाहीत, आणि माझ्या बुडाला गंज चढलाय.

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर कराल त्याला तहान आहे का, ते आधी बघा. आणि एवढं माझं ऐका. तिकीट खिडकीवर काकू अजून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला त्या झाडाची गोष्ट सांगतात. तुम्ही ती निमूट ऐकून घ्या. मी सांगितलेलं त्यांना कळू देऊ नका.