माझ्या उशाचा बगळा

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना पाळणा आहे, आणि सध्या माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. एके काळी माझ्यात काउंटांच्या, म्हणजे तिथल्या सरदारांच्या, घरची लेकरं निजत होती.

पूर्वी मोंतारेलच्या गढीत दोन भाऊ होते. थोरल्याला गढी मिळाली. धाकटा नदीपलीकडे गेला आणि त्याने आपल्या मुलासाठी मला घडवून घेतलं. माझ्या उशाला त्याने चोचीत मासा धरलेला बगळा कोरायला लावला, कारण गढीच्या दरवाज्यावरही तोच बगळा होता. घर सुटलं तरी खूण सुटत नाही. सुतार तीन दिवस त्या बगळ्यावरच खपला, आणि मी त्या नक्षीवर फार गर्व केला. जळो तो गर्व!

त्या धाकट्याची पणती पेरोनेल पुढे गढीच्या काउंट आन्सोला दिली, तेव्हा मी तिच्याबरोबर आंदण गेलो. मेजवानीत आन्सोने माझ्यावर द्राक्षाची दारू शिंपडली आणि ओरडला, "बगळा बगळ्याच्या घरी आला!" पाहुणे हसले. भटजींनी, म्हणजे तिथल्या पाद्रीबाबांनी, मलाही आशीर्वाद दिला. चार पिढ्यांपर्यंतच्या भाऊबंदांत लग्न करायचं नाही, हा धर्माचा नियम त्या दिवशी कुणालाच आठवला नाही.

पेरोनेलला एकापाठोपाठ तीन मुली झाल्या. धाकटी ओद माझ्यात झोपली होती, तेव्हा नियम आठवला.

लग्न खरं की खोटं ते ठरवायला दिवाणखान्यात बिशप बसले होते. आन्सोची आत्या एर्सांद हिला घराण्याच्या साऱ्या पिढ्या तोंडपाठ होत्या. ती बोटांच्या पेरांवर मोजत म्हणाली, "ह्याचे पणजोबा आणि हिचे पणजोबा सख्खे भाऊ. शपथ घेऊन सांगते."

"पुरावा काय?" बिशपांनी विचारलं.

"पाळणा आणा!"

मला मधोमध ठेवलं. नक्षी नीट दिसावी म्हणून ओदला उचलून गार बाकावर ठेवलं. ती टाहो फोडून रडत होती आणि सगळे बगळा बघत होते.

"अहो," पेरोनेल नवऱ्याला म्हणाली, "लग्नात हा बगळा तुम्हाला दिसला नव्हता का? तुम्हीच ना त्याला दारू पाजलीत?"

आन्सोने आत्याकडे बघितलं. आत्याबाईच बोलल्या, "तेव्हा तीन मुली नव्हत्या ना, बाई."

लग्न मोडलं. मोडलं कसलं, झालंच नव्हतं असं ठरलं. आंदणाची गावं पेरोनेलच्या भावाने परत घेतली आणि तिला मठात धाडलं. मुली बापाकडे राहिल्या. जाताना तिने फक्त मला मागितलं. "तो पुरावा आहे," आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे."

मग साऱ्या पिढ्या तपासून दूरच्या घराण्यातली दुसरी बायको आणली. तिच्यासाठी चांदीने मढवलेला नवा पाळणा केला. तो रिकामाच राहिला. मला माळ्यावर टाकलं होतं, तरी ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ओदच्या दोघी बहिणी तापाने गेल्या आणि एका शिकारीत आन्सो घोड्यावरून पडून मेला. उरली एकटी ओद, लग्नाच्या वयाची. आत्याबाईंनी तिचा हात धरून तिला बापाच्या खुर्चीत बसवलं. "मुलगी तर मुलगी, रक्त आमचंच आहे," त्या म्हणाल्या.

आन्सोचा मावसभाऊ गिशार माणसं घेऊन दारात उभा होता. "आत्याबाई, हिच्या आईबापाचं लग्न कुठे झालं होतं?"

"ह्याच गढीत! मी स्वतः वरमाईसारखी मिरवले."

"आणि झालं नव्हतं अशी शपथ कुणी घेतली? अनौरस पोरीला गढी मिळते होय?" तो हसला. "पाळणा आणा रे!"

मित्रांनो, मला दुसऱ्यांदा मधोमध ठेवलं. ह्या वेळी आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

गढी गिशारने घेतली. ओदला आणि आत्याबाईंना एका बैलगाडीत घालून पेरोनेलच्याच मठाकडे हाकललं आणि काम संपल्यामुळे मलाही त्यांच्या मागे गाडीत फेकलं. दार पेरोनेलनेच उघडलं. लेकीला तिने पोटाशी धरलं. आत्याबाईंना म्हणाली, "या, आत खुराड्याचं काम पडलंय."

तेव्हापासून आत्याबाई रोज वाकून माझ्यातली अंडी काढतात. कधी पेरोनेल जवळून जाताना म्हणते, "आत्याबाई, त्या काळ्या कोंबडीचं कूळ तपासलंत ना? नाहीतर अंडं मोडीत काढावं लागेल." आत्याबाई पुढच्या अंड्याला हात घालतात. मला हसू येत नाही, कारण मीही पेरोनेलविरुद्धच उभा होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्या जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगतो. माझे पाय अजून शाबूत आहेत. मला धुवा, तेल लावा आणि कुणाचंही एक मूल माझ्यात निजवा. पण त्याआधी सुरी घेऊन तो बगळा खरवडून काढा. पुन्हा कुणी मला बघायला आलं, तर आतल्या लेकराला उचलून गार बाकावर ठेवावं लागू नये.