हिरव्या समुद्रातला डबा

मी मिरच्यांचा डबा बोलतोय. आत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या झणझणीत मिरच्या, बाहेर गडद हिरवं लेबल. त्या लेबलानेच माझा घात केला.

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये दर वसंतात इमारतींचे नकाशे काढणारी मंडळी मॉलमध्ये खाण्याच्या बंद डब्यांची शिल्पं रचतात. डिंक लावायचा नाही, लेबल फाडायचं नाही आणि शेवटी सगळे डबे गरजूंना फुकट शिधा वाटणाऱ्या अन्नपेढीला द्यायचे. गेल्या वर्षी लॉर्न झ्विकरच्या गटाने दीपगृह रचलं. टोमॅटोच्या लाल नि दुधाच्या पांढऱ्या डब्यांचा मनोरा, भोवती समुद्र. हवा तसा हिरवा रंग दुकानात फक्त माझाच होता. लॉर्नने माझ्यासारखे नऊशे डबे उचलले.

"काय लाट उठवलीस रे!" त्याची सहकारी ग्वेन म्हणाली. पहिलं बक्षीस मिळालं. डब्याने फुगणं चांगलं नाही, तरी मी फुगलो.

शनिवारी लॉर्न अन्नपेढीत वाटपाला आला. तिथलं सगळं बघणाऱ्या व्हर्नाने डोक्याला हात लावला. "टोमॅटो नि दूध दहालाच संपलं. आता या रांगेला काय देऊ, तुझा समुद्र?"

रांगेत जुळ्यांची गाडी ढकलत एक बाई आली. लॉर्नने मला पुढे केलं.

"अहो, हे पोरांना कसं घालू? दुसरं काही नाही का?"

"नाही हो."

तिने मला हळूच परत टेबलावर ठेवलं, आभार मानले आणि अर्धी पिशवी घेऊन गेली. मला फार लाज वाटली. लॉर्न तर मान वर करेना. जाताना तो मला घेऊन गेला. तेव्हापासून मी ऑफिसात त्याच्या टेबलावर आहे.

यंदा त्याने मासेमारीची बोट काढली आणि समुद्रासाठी गोड रश्श्यातल्या घेवड्याचे डबे मागवले. लेबल तपकिरी.

"अरे, चिखल दिसेल हा!" ग्वेन वैतागली.

"दिसू दे. शनिवारी संध्याकाळी घरोघरी घेवडा खायची इथली जुनी रीत आहे. कुणाला नको असतो, सांग!"

परीक्षकांनी नाक मुरडलं. बक्षीस गेलं.

शनिवारी दुपारी लॉर्न रिकामे खोके घेऊन ऑफिसात आला. "अकरा वाजता चिखल संपला, ग्वेन. ती जुळ्यांची आई आली होती. तिने चार मागितले, मी सहा दिले."

मी अजून बंदच आहे. तुमच्यापैकी कुणाला तिखट आवडत असेल तर मला घेऊन जा. मलाही खाण्यासाठीच भरलंय.