आडवं झालं की पळणारी बाधा

आत्याच्या शिवणाच्या दुकानात त्या दुपारी मशीन बंद आणि तोंडं चालू होती. कापायच्या टेबलावर आत्या उताणी, शेजारी फुंकरबाबा पुटपुटताहेत आणि अख्खी गल्ली टाचा उंचावून बघतेय!

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यापासून आत्याच्या बेंबीशी लिंबाएवढा फुगवटा यायचा. त्याच्या ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. बाबांनी तळवा ठेवला, फुंकर मारली. फुगवटा गायब!

"बाहेरची बाधा होती, पळाली!" बाबा गरजले. "आता सुरी लावाल तर दुपटीनं येईल. ऑपरेशन रद्द!"

"रद्द!" आत्या पडल्या पडल्या म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी सर्जन, तिची सख्खी भाची. पण तिच्या लेखी अजून नाक पुसता न येणारी पोर. फुगवट्याखाली पोटाच्या भिंतीला पडलेल्या भोकात आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, हे शंभरदा सांगून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

"आत्या, उभी राहा आणि खोक."

ती खोकली. फुगवटा हजर.

"अगं बाई, बाधा परत आली!" शेजारीण किंचाळली.

"थांबा, मी घालवते. आत्या, आडवी हो." मी डोळे मिटून तळवा ठेवला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस..."

फुगवटा गायब. लोक फिदीफिदी हसायला लागले.

"दुर्बीण जिथून आत घातली, तिथं पोटाची आतली भिंत नीट जुळून आली नाही," मी म्हटलं. "उभं राहिलं, खोकलं, की आतलं बाहेर डोकावतं. आडवं झालं की आपोआप आत. उसवलेली शिवण फुंकरीनं जुळते का गं, आत्या? टाकेच घालावे लागतात."

"भस्म होशील, पोरी!" बाबा ओरडले आणि कळवळून त्यांनी स्वतःचीच बेंबी दाबली. झग्याआड चांगला टरटरीत फुगवटा!

"बाबा, तुमचंही पित्ताशय काढलंय?"

"अपेंडिक्स. दुर्बिणीतूनच," बाबा खाली बघत म्हणाले.

"म्हणजे आडवं झालं की फुगवटा जातो, ही विद्या घरच्या पलंगावरच मिळाली!"

आत्या ताडकन उठली. "मेल्या, स्वतःची बाधा जाईना आणि माझं ऑपरेशन रद्द करतोस?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ठरल्या दिवशी येते गं. भीती वाटते, पण येते."

गर्दी पांगल्यावर बाबा हळूच जवळ आले. "डॉक्टर, मी कधी येऊ?"

मंडळी, असा फुगवटा दिसला तर डॉक्टरला दाखवा. तो कडक झाला, दुखू लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर क्षणभरही थांबू नका. बाबासुद्धा शेवटी डॉक्टरकडेच येतात. तुम्ही आधीच या.